बोरजळीत बेकार कुणीच नाही

१

कागद गहाळ झाल्याचं मला नवल वाटत नाही. एकतीस वर्षं सरकारी कपाटांच्या सहवासात काढलेल्या बाईला त्याचं नवल वाटायला लागलं, तर तिला मुदतीआधी घरी बसवावं. पण त्या बुधवारी नांदेडच्या रोजगार पाहणी कक्षातलं कपाट उघडलं आणि माझं डोकंच उठलं. चोरानं आतली पानं ठेवली होती, नुसती वरची नेली होती.

"याला काही अर्थ आहे का?" मी म्हणाले.

"तेच म्हणतो मी, ताई," आनंदराज म्हणाले.

आनंदराज या कक्षाचे प्रमुख. पन्नाशी उलटलेली, भांग सरळ, खिशाला तीन पेनं. त्यांतलं हिरवं ते कधी वापरत नाहीत, पण ते आहे हे समोरच्याला दिसलं पाहिजे. बोलताना फायलीवरून हात फिरवायची सवय. फायलीच्या जागी मांजर असती तर झोपली असती.

काम कसं चालतं ते सांगते. आमची माणसं घरोघर जातात आणि प्रत्येकाला विचारतात, गेल्या सात दिवसांत कुठल्या दिवशी काय काम केलंस? सातांतल्या एका दिवशी तासभर जरी काम निघालं, तरी तो माणूस बेकार नाही. नियम मी केलेला नाही, माझ्याशी भांडू नका. एका घराचा अर्ज पाच पानांचा. वरच्या पानावर घरच्या माणसाचं नाव, सही आणि भेटीची तारीख. आतल्या चार पानांवर फक्त घराचा क्रमांक आणि सात रकाने : काल, परवा, तीन दिवसांपूर्वी, असं मागं मागं सातपर्यंत. पाहणी संपली की नावं फुटू नयेत म्हणून वरचं पान काढून वेगळ्या गठ्ठ्यात बांधतात. मुखेड तालुक्यातलं बोरजळी गाव, चौऱ्याऐंशी घरं, चौऱ्याऐंशी वरची पानं. तोच गठ्ठा गेला होता.

आता हा गठ्ठा हवा कुणाला होता, तेही ऐका. मागच्या वर्षी मुखेड तालुक्यात शंभरात एकोणीस माणसं बेकार निघाली होती. यंदा दोन. बोरजळीत तर एकही नाही. एका वर्षात एवढी कामं कुठून उगवली हे कुणी विचारलं नाही. नांदेडपासून मुखेडपर्यंत आमदारसाहेबांचे फलक मात्र उगवले : 'शंभरात फक्त दोन!' साहेब दोन बोटं वर करून उभे.

मग बोरजळीच्याच उद्धव नावाच्या पोरानं तक्रार ठोकली. 'मी बी.एस्सी. असून तीन वर्षं बेकार आहे. माझ्या गावात बेकार कुणीच नाही असं सरकार म्हणतं. मग मी कोण?' ते छापून आलं, वरून विचारणा झाली. आणि वरून विचारणा झाली की खालून एक माणूस द्यावा लागतो. तो दिला होता : सुकन्या, बोरजळीची पाहणी केलेली कंत्राटी मुलगी. तिनं म्हणे घरी बसून अर्ज भरले आणि सह्या नाहीत हे उघडकीला येऊ नये म्हणून वरची पानं पळवली. सोमवारी पोलिसात गुन्हा दाखल व्हायचा होता. त्याआधी चौकशी झाली असं दिसायला हवं, म्हणून लातूरच्या कक्षातून मला बोलावलं होतं. मी उज्वला, निवृत्तीला आठ महिने. अशा बायका चौकशीला बऱ्या असतात, फार खोल जात नाहीत.

"आमच्या मिसेस तुमच्याकडच्याच हो, औशाच्या," आनंदराजांनी चहा सांगितला. "म्हणजे तुम्ही आमच्या सासरच्या. जरा सांभाळून घ्या."

"कुणाला?" मी विचारलं.

ते हसले. चहा साखरेचा होता आणि मला मधुमेह आहे हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

२

सुकन्या कक्षाच्या मागच्या उपाहारगृहात बसली होती. पंचविशीची, ओढणीच्या टोकाची गाठ घालत आणि सोडवत.

"मॅडम, मी एकेका दारात उभी राहिले. देवाशपथ."

"देवाला साक्षीला आणू नकोस, त्याची सही चालत नाही. तू कुठली?"

"हदगावकडची."

"मग मुखेडला कशी? हदगाव उत्तरेला, मुखेड दक्षिणेला."

"सगळ्यांचंच तसं केलं. तिकडच्या पोरी आमच्याकडे, आम्ही तिकडं. ओळखीपाळखीनं खोटं लिहू नये म्हणून, असं साहेबांनी सांगितलं."

हे मला पटलं. शहाणपणाचंच वाटलं. एकतीस वर्षांत नांदेडच्या कक्षात शहाणपण दिसल्याचा पहिलाच प्रसंग, तरी मी थबकले नाही. ही माझी पहिली चूक.

"प्रश्न कसे विचारलेस?"

"शिकवले तसेच. खेड्यातली माणसं काम सांगायला लाजतात, म्हणून सरळ विचारायचं, शेतात गेला होतात का? कोणत्या दिवशी? तासाहून जास्त? हो म्हणाले की 'शेतीत मदत' लिहून पुढं व्हायचं. काय केलं ते उकरत बसायचं नाही, वेळ जातो."

"आणि सगळे हो म्हणाले?"

"सगळे. म्हाताऱ्यासुद्धा. मला वाटलं तुरीचे दिवस आहेत, असेल." तिनं ओढणीची गाठ सोडवली. "मॅडम, गाव लई चांगलं होतं. पहिल्या दोन दिवसांत तर घरोघरी ते ताकातलं आंबट ज्वारीचं पाणी पाजलं, वर परातीतली उरलेली भाजी. नाही म्हटलं की राग. पोट बिघडलं माझं. तरी रविवारीबी सुट्टी घेतली नाही. आणि आता हे म्हणून राहिले, मी घरी बसले होते!"

"सोमवारी गुन्हा दाखल झाला तर?"

तिनं पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. आरोग्य खात्याच्या कायम नोकरीची निवड यादी, तिचं नाव बारावं. पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी पुढच्या आठवड्यात.

"सहा वर्षं अभ्यास केला, मॅडम. एकदा नावावर गुन्हा लागला की..."

तिनं कागदाच्या परत चार घड्या केल्या. मला सरकारी नियम तिच्याहून चांगले माहीत होते.

"मी बोरजळीला जाते," मी म्हटलं. "एक जरी माणूस म्हणाला की तू आली नव्हतीस, तर मी काही करू शकणार नाही. कळलं?"

"एक पण म्हणणार नाही," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, एक तर नक्की म्हणेल. ज्यानं तक्रार केली तो.

३

गुरुवारी लोह्यावरून मुखेडची एसटी धरली आणि पुढं जीपड्यात गुडघे दुमडून बोरजळी गाठली. उद्धव दारातच भेटला. दाढी वाढलेली, हातात स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. त्याची आई साखराबाई सूप घेऊन तुरी पाखडत होती. तुरी दुसऱ्याच्या, पाखडणं हिचं.

"चौकशी?" उद्धव म्हणाला. "करा की. बेकार माणसाकडं टाइमच टाइम हाय. पण सरकारी कागदावर मी कामात हाव, तवा दहा मिनिटांत उरका."

"ती पाहणीवाली मुलगी इथं आली होती का?"

"आली होती की."

"काय?"

"आलती म्हणतो ना. तुमी बसला तिथंच बसलती. वरच्या पानावर सही माझीच हाय."

मी पेन खाली ठेवलं. तक्रारदारानंच आरोपीला निर्दोष सोडलं होतं.

"अरे, मग तू खोटं काय म्हणतोस?"

"आकडा खोटा हाय म्हणलो. पोरगी खोटी हाय असं कवा म्हणलो? तुमी लोकांनी आकडा सोडला आन् पोरगी धरली!"

"पण तुझ्या अर्जात शेतीत मदत लिहिलंय."

"म्हणली, शेतात गेलता का? म्हणलो, हाव, गेलतो. लबाडी कशाला करू? समदं गावच गेलतं. काम केलं का म्हणून कुठं इचारलं तिनं? आमाला तर शेतबी न्हाई."

"ठेक्यावरची गुत्तेदारी चाललीय जणू," साखराबाई सुपाच्या वरून म्हणाली. "लेकराला एकदा काम न्हाई म्हणत्यात, एकदा हाय म्हणत्यात. पगार तेवढा कुणी आणून देत न्हाई."

मी अजून अकरा घरं फिरले. बाराच्या बारा म्हणाली, पोरगी आली होती. बारा सह्यांचे नमुने घेतले. गुन्हा संपला होता आणि आकडा तसाच उभा होता. सगळे अर्ज खरे, सगळी उत्तरं खरी, आणि बेरीज धडधडीत खोटी. असं गणित मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आणि एवढं होऊन मी उद्धवला पुढचा एक साधा प्रश्न विचारला नाही. उत्तर मिळालं की सरकारी माणूस पुढच्या रकान्याकडं वळतो. ही दुसरी चूक, आणि पहिलीहून मोठी.

४

संध्याकाळी नांदेडला परतले तर विश्रामगृहावर शिवशंकर वाट पाहत होता. आमदारसाहेबांचा स्वीय सहायक. दोन फोन, दोन्ही कानांना.

"ताई, बेकारी कमी झाली यात गुन्हा काय? आनंदाची गोष्ट आहे! लोक मेल्याच्या चौकश्या करतात, तुम्ही जगल्याची करायला लागलात."

"आकडा कमी करा असं तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"छ्या! साहेब तसलं सांगत नाहीत. मागच्या वर्षी एकोणीसचा आकडा वाचून ते एवढंच म्हणाले, जेवण गेलं नाही आज. बस्स. आनंदराज बाहेर उभे होते, त्यांना मी तेवढं कळवलं, झालं." मग फोन खाली घेऊन हळूच, "तुमच्या निवृत्तीचं बघू का ताई? वर्षभर वाढवता येतं."

"आठ महिन्यांत मला सुटायचंय, भाऊ. वाढवू नका."

तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. खोटं बोलायची गरज पडू नये अशी सोय झालेली माणसं असतात, त्यांतला होता.

शुक्रवारी सकाळी यज्ञेशला गाठलं. कक्षाचा संगणकवाला, नागपूरचा, तीन महिन्यांच्या कंत्राटावर. त्यानं भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं, स्वतः केलेलं, रंगीत. बोरजळी : आठ ते सोळा डिसेंबर, शनिवार-रविवार वगळून.

"असंच झालं ना काम?"

"झालंच असेल. मी तेव्हा पुण्याला ट्रेनिंगला होतो. मला नंतर आतली पानं मिळाली, ती भरली."

"तारखा?"

"तारखा वरच्या पानावर, मॅडम. ती पानं संगणकात भरत नाहीत."

"मला एक सांग. वरच्या पानावर असं काय असतं, जे दुसरीकडं कुठंच नाही?"

तो बोटं मोडत बसला. "नावं घरांच्या यादीत आहेत. सह्या... त्या तुम्ही पुन्हा घेऊ शकता. मग उरलं काय?"

काय उरलं ते आम्हां दोघांनाही तेव्हाच दिसायला हवं होतं. पण तेवढ्यात चहा आला. साखरेचा.

५

आतल्या पानांच्या झेरॉक्स पिशवीत घालून मी दुपारची लातूर गाडी धरली. शनिवार-रविवार घरी, सोमवारी परत, असा बेत. 'मुलगी निर्दोष, आकड्याचं कारण समजत नाही' असा अहवाल मनात लिहून झाला होता. पण असा अहवाल म्हणजे आमंत्रणच : कारण समजत नसेल तर मुलगीच कारण. गुन्हा तरीही झाला असता.

खिडकीशी बसून मी पानं मांडीवर घेतली. मला वेळ घालवायचा एकच छंद, रकाने. पहिल्या बारा घरांत काम कुठल्या रकान्यात आहे? 'काल'. फक्त काल, बाकी सहा दिवस कोरे. तेरा ते चोवीस? 'परवा'. फक्त परवा. पंचवीस ते छत्तीस, तीन दिवसांपूर्वी. मी लाल पेन काढलं. बारा-बारा घरांनी खूण एक-एक रकाना सरकत गेली होती, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, शेवटच्या बारा घरांत थेट सातव्या रकान्यापर्यंत.

सुकन्या रोज बारा घरं करत होती. रोज एक दिवस पुढं सरकायचा, म्हणून खूण एक दिवस मागं. म्हणजे सगळ्या गावानं काम केलं ते एकाच दिवशी. आणि पायरी एकदाही अडखळली नव्हती. मधे शनिवार-रविवारची सुट्टी असती, तर जिना तिथं तीन पायऱ्यांची उडी मारता. म्हणजे सलग सात दिवस पाहणी झाली. यज्ञेशच्या वेळापत्रकात सलग सात दिवस नव्हतेच. आणि पोरगी मला म्हणाली होती, रविवारीबी सुट्टी घेतली नाही. माझ्या कानांवरून गेलं होतं ते.

मग असा कुठला दिवस, की अख्खं गाव शेतात? म्हाताऱ्या, बी.एस्सी. झालेले, शेत नसलेले, सगळे?

अहमदपूरच्या अलीकडं गाडी थांबली. बाहेर ज्वारीच्या रानात एक कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, कलली होती, निम्मी गुरांनी खाल्लेली. खाली पाच दगड, चुना अजून पांढरा.

मी कपाळावर हात मारला तो कंडक्टरला ऐकू गेला. "काय झालं मावशी? पाकीट गेलं का?"

"अक्कल गेली होती," मी म्हटलं. "मला इथंच उतरव."

येळवस! मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी आमचं लातूर शहर संचारबंदी लागल्यासारखं ओस पडतं. सगळं माणूस रानात. कडब्याची कोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचे, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोट फुटेस्तोवर. ज्याला शेत नाही त्याला शेजाऱ्याच्या शेताचं आवतण. मुखेडकडंही तेच. हदगावकडं मात्र हा सण नाही, म्हणून हदगावच्या पोरीला आंबील म्हणजे 'ताकातलं आंबट पाणी' वाटलं आणि घरोघरी उरलेली भज्जी का निघते ते कळलं नाही. मला कळायला हवं होतं. मी स्वतः त्या दिवशी चुलत भावाच्या शेतात दोन वेळा वाढून घेतलं होतं! सरकारी रकान्यात मीसुद्धा शेतीत मदत करत होते.

डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार.

६

नांदेडला पोचले तेव्हा चार वाजले होते. कक्षात न जाता मी मागं जीप उभी असते तिथं गेले. व्यंकटी चालक बॉनेटवर बसून शेंगा खात होता. वयानं माझ्याएवढाच, तोंडानं माझ्याहून मोकळा.

"व्यंकटी, लॉगबुक दाखव."

"घ्या की बाई. तेवढंच एक पुस्तक हाय या हापिसात, ज्यात रोजच्या रोज लिवत्यात."

बाकी सगळे कागद कुलपात असतात, लॉगबुक जीपच्या खणात. ज्यानं कपाट रिकामं केलं, त्याला जीप कपाटात मावत नाही हे सुचलं नव्हतं. मी डिसेंबर काढला.

वीस डिसेंबर, शनिवार : मुखेड, बोरजळी. एकवीस, रविवार : बोरजळी. पुढं बावीस, तेवीस, चोवीस. पंचवीस, नाताळ : बोरजळी. सव्वीस, शुक्रवार : बोरजळी, काम पूर्ण. सात दिवसांत तीन सुट्ट्या, आणि या कक्षानं तिन्ही दिवस काम केलं. मी लिहिलेलं पुन्हा वाचलं. सुट्टीच्या दिवशी काम करणारा सरकारी कक्ष! एवढ्यावरच फौजदारी व्हायला हवी होती.

सव्वीसला विचारलं, तर 'गेले सात दिवस' मोजत मागं गेलं की शेवटी एकोणीसच येतो. सत्तावीसला तो हातातून निसटतो. काम येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि येळवस ज्या दिवशी मोजता येते त्या शेवटच्या दिवशी संपलं. आणि सुरुवात शुक्रवारी, कामाच्या दिवशी न करता शनिवारी का? कारण शुक्रवारी गेलं असतं तर चौऱ्याऐंशी कुलपं भेटली असती. ज्यानं हे वेळापत्रक फिरवलं त्याला येळवस ठाऊक होती. नागपूरच्या यज्ञेशला ठाऊक नव्हती, तो पुण्याला होता. शिवशंकरला ठाऊक असली तरी जीप त्याच्या हुकमानं निघत नव्हती.

"अन् एकोणीसला जीप कुठं होती?" मी पान मागं उलटलं.

'नांदेड ते औसा व परत. कारण : क्षेत्र तपासणी.' खाली आनंदराजांची सही. हिरव्या शाईत. वर्षातून एकदा ते पेन वापरलं, ते इथं.

"औशाला कसली तपासणी रे?"

"सायबांच्या सासुरवाडीच्या रानात की! येळवसचं जेवण. मी चार वाट्या आंबील प्यालो, बाई. लई झ्याक होती. सायब तर दर साली जात्यात."

मी पुढची पानं चाळली. सहा जानेवारी : 'नांदेड ते लातूर. मोडक्या खुर्च्यांच्या निर्लेखनाची फाइल हातपोच.' निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेत भंगारात काढणं. सरकारी माणूस कागद जाळत नाही. जाळला तर गुन्हा, चुकीच्या फायलीत लावला तर नजरचूक. आणि त्या फायलीची पोच कुणी दिली होती? मी. सात मोडक्या खुर्च्यांची फाइल उशीएवढी जाड कशी, असा विचार मनात आलाही होता. महिनाभर मी तिच्यावर जेवणाचा डबा ठेवत होते.

७

सोमवारी साडेदहाला आनंदराजांच्या टेबलावर पोलिसांना द्यायचं पत्र तयार होतं. बाहेर बाकावर सुकन्या, आत शिवशंकर. मी लातूरहून आणलेली फाइल टेबलावर ठेवली.

"खुर्च्या?" आनंदराज म्हणाले.

"बसा. मोडक्या नाहीत."

फीत सोडली. वर सात खुर्च्यांचा प्रस्ताव, खाली चौऱ्याऐंशी सह्या, चौऱ्याऐंशी तारखा. वीस ते सव्वीस डिसेंबर.

आनंदराजांचा हात फायलीवर फिरायला गेला आणि मधेच थांबला.

"नजरचुकीनं लागली असतील. आणि तारखा बदलल्या तर काय झालं? गाडी मिळाली नसेल."

"येळवस होती साहेब, एकोणीसला."

"ते तुमच्याकडं, ताई. आम्ही नांदेडची माणसं, आम्हांला त्यातलं काय कळतं?"

"चार वाट्या आंबील," मी म्हटलं आणि लॉगबुक उघडून ठेवलं. "व्यंकटीनं चार. तुम्ही किती प्यालात ते यात नाही."

मग आनंदराजांनी चष्मा काढला.

"मी एक आकडा खोटा लिहिला नाही, ताई. एकही नाही. लोक शेतात गेले होते. एका तासाहून जास्त होते. नियमात बसतं सगळं."

"म्हणून तर तारखा लपवाव्या लागल्या."

"तो पोरगा छापून आणेल असं मला वाटलं नव्हतं. त्याची तक्रार यायच्या आधीच पानं हलवली होती, सहज, आपली काळजी म्हणून. मग तक्रार आली आणि पानं नाहीत म्हटल्यावर सगळे त्या पोरीकडं बघायला लागले. मी... बघू दिलं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हांला?"

ते शिवशंकरकडं बघून हसले. ते हसू बघवत नव्हतं. "कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं हो. निदान नाही म्हणता आलं असतं. मागच्या वर्षी एकोणीस आला, त्या दिवशी विश्रामगृहाबाहेर दोन तास उभा होतो. आत बोलावलं नाही, रागावलं नाही. नुसता निरोप आला, साहेब जेवले नाहीत. बदल्यांची यादी जूनमध्ये लागते, ताई. पोरगी बारावीला आहे."

"आन् ही पोरगी?" मी दाराकडं बोट केलं. "ही कितवीला आहे?"

त्यांनी पोलिसांचं पत्र उचललं, दोन तुकडे केले, मग चार. शिवशंकर एव्हाना दोन्ही फोनांवर होता.

"ते सगळं ठीक आहे," तो हात फोनवर ठेवून म्हणाला, "पण आकड्याला हात लावू नका, एवढंच. फलक छापून झालेत."

८

आकड्याला हात लागला. माझा अहवाल, लॉगबुकाची प्रत आणि माझा लाल जिना वर गेला. वरच्यांना जिना आवडला असं कळलं. मार्चमध्ये फेरपाहणी ठरली, या वेळी जिल्हाभर काही घरं निवडून, आणि 'काय काम केलं' हे विचारून. आनंदराजांची बदली जूनची वाट न बघता झाली. फलक कुणी काढले नाहीत. मुखेडच्या वाटेवरच्या एका फलकाचं वाऱ्यानं एक बोट फाडलंय, त्यामुळं तिथं बेकारी निम्म्यानं घटलीय.

सुकन्याची पडताळणी निर्वेध झाली. तिनं पेढे पाठवले, मधुमेहाचं सांगूनही. रुजू व्हायचा आदेश मात्र 'लवकरच' निघणार होता, आणि इकडचं कंत्राट फेब्रुवारीअखेर संपलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, आमच्या घरी पाहणी आलीय. आमचं घर निवडीत लागलं. ती पोरगी म्हणून राहिली, गेल्या सात दिवसांत काही काम केलं का? मी काय सांगू? निवड तर झालीय माझी. आई म्हणते, सांग नोकरीला आहे म्हणून, शेजारी ऐकून राहिले."

"आदेश आलाय का हातात?"

"नाही."

"सात दिवसांत काय केलंस?"

"काहीच नाही. पोस्टमनची वाट बघितली."

"एक तास?"

"सातही दिवस."

"मग तेच सांग, बाळा. आणि ती काय लिहिते ते डोळ्यांनी बघ. अन् वरच्या पानावर तारीख घातल्याशिवाय सही करू नकोस."

फोन तिनं बंद केला नाही. पलीकडं खुर्ची सरकली, सुकन्या काहीतरी म्हणाली, तिची आई पुटपुटली. मग त्या नव्या पोरीचा आवाज आला, सावकाश, लिहिता लिहिता बोलल्यासारखा :

"घर क्रमांक एक्केचाळीस. काम नाही. बेकार, एक."